युद्धभूमीवरच्या मेडिक महिलांसाठी बचाव रोबो: पुण्यातून निधी कसा उभारावा

युक्रेनच्या आघाडीवर जखमी सैनिकाला मागे आणणं हे आज अत्यंत जोखमीचं काम झालं आहे. डोक्यावर सतत ड्रोन घिरट्या घालत असतात आणि रुग्णवाहिकाही त्यांच्या माऱ्यातून सुटत नाहीत. मग मेडिक, म्हणजे आघाडीवर जखमींवर उपचार करणारे, अंधार पडण्याची, धुकं उतरण्याची वाट पाहतात. तोवर जखमीच्या पायाला रक्त थांबवणारा टुर्निके आवळलेलाच असतो, आणि तो दोन तासांपेक्षा जास्त राहिला की पाय वाचवणं अवघड होत जातं. चिलखतासकट जवानाचं वजन शंभर किलोच्या घरात जातं. त्याला स्ट्रेचरवरून चिखलातून न्यायला चार जण लागतात, आणि चार जण एकत्र दिसले की ड्रोनला आयतं लक्ष्य मिळतं.

बचाव रोबो इथे कामी येतो. हातगाडीपेक्षा ठेंगणा, बॅटरीवर चालणारा, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर किंवा चाकांवर सरकणारा हा रोबो लांबून चालवता येतो. जखमीला त्यावर आडवं करून बांधतात आणि मेडिक त्याला सुरक्षित ठिकाणी उतरवून घेते. एस्टोनियाच्या मिलरेम कंपनीचा थेमिस हा रोबो २०२२ मध्येच या कामासाठी युक्रेनमधल्या एका धर्मादाय संस्थेकडे पोहोचला. आता टर्मिटसारखे तिथेच बनणारे रोबोही जखमींना आणतात.

या कामात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. २०२५ मध्ये नागरी कर्मचाऱ्यांसह ७० हजारांहून अधिक स्त्रिया युक्रेनच्या सैन्यदलात होत्या. हॉस्पिटलर्स हे स्वयंसेवी वैद्यकीय पथक २०१४ मध्ये याना झिंकेविच या तरुणीने उभं केलं. ‘तायरा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या युलिया पायेव्स्का २०२२ मध्ये मारियुपोलमध्ये पकडल्या गेल्या आणि तीन महिन्यांनी सुटल्या. अशा स्त्रियांसाठी पुण्यात बसून काहीतरी करावंसं वाटत असेल, तर ते नीट करता येतं.

आधी गरज विचारा

‘एक रोबो घेऊन देऊ’ असं ठरवून मोहीम सुरू करू नका. ज्या संस्थेला मदत करायची तिला आधी ईमेल लिहा: तुमच्या पथकाला नवा रोबो हवा आहे, की असलेल्या रोबोसाठी बॅटऱ्या, पट्टे, अँटेना, कॅमेरे? रोबो चालवायचं प्रशिक्षण मिळालेलं कोणी आहे का? सिग्नल जॅम झाला तर दुसरी सोय काय? आघाडीवर हे रोबो फार दिवस टिकत नाहीत. म्हणून सुट्या भागांची मागणी आली तर ती कमी मोलाची समजू नका. माझ्या मते पहिली मोहीम सुट्या भागांचीच असावी, कारण रक्कम आवाक्यातली असते आणि ती लवकर पूर्ण होते.

संस्थेकडून आलेलं दरपत्रक इथल्या जाणकाराला दाखवा. २०१४ ची एबीयू रोबोकॉन ही कॉलेज विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धा पुण्यातच झाली होती. इथल्या अभियांत्रिकी कॉलेजांच्या रोबोटिक्स क्लबमधली मुलं मोटर, बॅटरी आणि वजनाचं गणित बघून काय खटकतं ते सांगू शकतील. दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ रोबो बनवला आहे. श्रोत्यांना समजावताना त्याचं उदाहरण द्या, रोबो म्हणजे काय ते लगेच कळतं.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका

उत्साहात यूपीआयचा क्यूआर कोड फिरवण्याचा मोह होतो. तो टाळा. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंध येतो. गणेश मंडळं ज्या ४१ क कलमाखाली परवानगी घेतात, तेच हे कलम. ओळखीच्या ट्रस्टमार्फत पाठवू म्हणाल, तर करसवलत टिकवायला ट्रस्टचा पैसा सहसा भारतातच खर्च व्हावा लागतो. शिवाय पन्नास जणांचे पैसे तुमच्या खात्यातून परदेशी गेले, तर प्रत्येक रुपयाचा खुलासा तुम्हालाच करावा लागेल.

त्यापेक्षा माणसं गोळा करा आणि पैसे ज्याने त्याने थेट पाठवावेत. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या, व्यक्तींनी परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, त्यात देणगीही बसते. पॅन लागतो, बँकेत ए-२ फॉर्म भरावा लागतो आणि देणगीसाठीचा पर्पज कोड निवडावा लागतो. वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवताना बँक वसूल करते तो कर) लागत नाही, त्यामुळे सामान्य देणगीदाराने त्याची धास्ती घेऊ नये. मात्र देणगीवरची ८०जी ची करसवलत मिळणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याबद्दल हमखास विचारणा होते. तो कायदा परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी आहे. बाहेर जाणाऱ्या पैशांना फेमा हा परकीय चलनाचा कायदा लागू होतो.

देणगी नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला आणि वैद्यकीय कामासाठीच द्या. युक्रेन सरकारने मे २०२२ मध्ये सुरू केलेल्या युनायटेड२४ या देणगीच्या संकेतस्थळावर संरक्षण, वैद्यकीय मदत अशी शीर्षकं वेगळी आहेत. पैसे भरण्याआधी आपण कशाखाली देतोय ते वाचा. बँकेने विचारलं तर खरं तेच सांगा. क्रिप्टोच्या वाटेला जाऊ नका, आणि ‘माझा माणूस आहे तिकडे’ म्हणणाऱ्याच्या तर अजिबात नाही.

माणसं कुठे भेटतील

वानवडी, साळुंके विहार भागात सैन्यातून निवृत्त झालेली मंडळी मोठ्या संख्येने राहतात. एएफएमसी हे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय पुण्याचंच. लष्करातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल पुनीता अरोरा तिथूनच शिकल्या, माधुरी कानिटकरही. एखाद्या निवृत्त लष्करी डॉक्टर ताईंना सोसायटीच्या हॉलमध्ये बोलवा. जखमीपर्यंत वेळेत पोहोचणं म्हणजे काय, हे त्यांनी तासभर सांगितलं की तुम्हाला फार बोलावं लागणार नाही. बोलणं संपल्यावर संस्थेची अधिकृत लिंक द्या आणि आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी कार्ड कसं सुरू करायचं ते दाखवा. काका-काकूंच्या शेजारी बसून त्यांचा फॉर्म भरून द्यायला दोन कॉलेजची मुलं ठेवा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

‘आपल्या जवानांसाठी का नाही?’ असं कोणीतरी विचारेलच. वाद घालू नका. खडकीला जखमी व दिव्यांग जवानांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. त्यांची माहितीही सोबत ठेवा. ज्याला तिकडे द्यायचं, तो तिकडे देईल.

पैसे गेल्यानंतर

देणगीदारांकडून पावतीचा फोटो मागवा, नाव झाकून एकूण रक्कम गटात कळवा. संस्थेकडून वस्तू मिळाल्याची पोच घ्या. पथकाचं ठिकाण, मेडिकचा चेहरा, रोबोवरचे क्रमांक दिसणारे फोटो आले तर पुढे पाठवू नका, त्याने जीव धोक्यात येतो. रोबो नष्ट झाल्याची बातमी आली तर तीही लपवू नका. त्याच निरोपात पुढच्या बॅटऱ्यांची यादी आणि लिंक पाठवा.