फायबरच्या डब्यावरचा भार काढा

बेळगावात वडगाव-शहापूरकडच्या घरांत खाली दुकान, वर भाडेकरू आणि सगळ्यांचे मोबाइल, टीव्ही, कॅमेरे इंटरनेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या एकाच डब्यावर (मोडेमवर). संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडकला की लोक महागडा प्लॅन घेतात. आधी वायफायचं काम वेगळ्या राउटरकडे, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या स्वतंत्र यंत्राकडे, देऊन बघा.

१. राउटरचे पोर्ट (केबल लावायच्या खाचा) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे हवेत. स्वस्तातल्या १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून त्याहून जास्त स्पीड मिळतच नाही, प्लॅन कितीचाही असो. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

२. डब्याच्या लॅन पोर्टातून केबल राउटरच्या वॅन पोर्टात (जिथून नेट राउटरमध्ये येतं) लावा.

३. राउटरला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. मग भाडेकरूंचे मोबाइल एकेक करून जोडत बसावं लागत नाही.

४. डब्याचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर अर्धे मोबाइल जुन्यालाच चिकटतात.

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. डबा सोप्यात राहिला तरी चालतं. लाईट जाते तेव्हासाठी दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

डब्याच्या रीसेटच्या बारीक भोकात मात्र टाचणी घालू नका. कंपनीची सेटिंग पुसली जाऊ शकते, मग त्यांचा माणूस येईपर्यंत नेट बंद.