६ बाय ३.५ मीटरची एलईडी वॉल: मैदानावर उभी करण्याआधीची तयारी

वॉलचं काम माल ट्रकमध्ये चढण्याआधी कागदावर सुरू होतं. इथे गणेशोत्सवात मैदानावर लागते तशी वॉल धरली आहे: पी ३.९१ पिच (म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये ३.९१ मिलिमीटर अंतर), ५०० बाय ५०० मिलिमीटरची आउटडोअर कॅबिनेट (ज्या चौकोनी पेट्या जोडून वॉल बनते त्या), आडवी १२ आणि उभी ७, एकूण ८४. एका कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात, म्हणजे पूर्ण वॉल १५३६ बाय ८९६ ची. हे दोन आकडे व्हिडिओ बनवणाऱ्याला आधीच कळवा. त्याने सवयीने १९२० बाय १०८० ची फाइल दिली आणि ती रुंदीला बसवली, तर वर-खाली सोळा-सोळा ओळी काळ्या राहतात. उंचीला बसवून डावी-उजवीकडून थोडं कापलेलं बरं. फक्त कोपऱ्यातला देणगीदाराचा लोगो त्यात अर्धा जात नाही ना, ते बघा.

मग वीज. वॉल जळते ती बहुतेक वेळा इथेच. पूर्ण पांढऱ्या चित्राला एक कॅबिनेट २०० वॉट खाते असं धरा (नेमका आकडा मागच्या लेबलवर असतो). ८४ चे झाले १६.८ किलोवॅट. साध्या व्हिडिओला याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच वीज लागते, पण वायर आणि जनरेटर पांढऱ्या चित्रासाठीच निवडायचा असतो. थ्री फेज घ्या आणि प्रत्येक फेजवर २८ कॅबिनेट द्या, म्हणजे फेजमागे साधारण २५ अँपिअर येतात. सात कॅबिनेटच्या प्रत्येक उभ्या रांगेला स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) हवा. सगळं एकदम चालू करू नका. एसएमपीएस (कॅबिनेटमधले पॉवर सप्लाय) सुरू होताना क्षणभर खूप करंट ओढतात आणि मेन पडतो. रांगेमागून रांग चालू करा. जनरेटर ४० केव्हीएचा ठेवा, आणि साउंड त्याच्यावर टाकू नका.

न्यूट्रलला वेगळा वेळ द्या. तीन फेजवरचा लोड सतत बदलत असतो; न्यूट्रल सैल होऊन सुटला की एका फेजवर दीडशे व्होल्ट तर दुसऱ्यावर तीनशे येतात आणि तिथले एसएमपीएस पटापट जातात. न्यूट्रलची वायर फेजइतकीच जाड हवी. तिन्ही फेजवर लोड सारखा विभागला आहे म्हणून बारीक चालेल, असं वायरमन म्हणेल, पण साध्या एसएमपीएसचा तिसऱ्या हार्मोनिकचा (मूळ करंटच्या तिप्पट वारंवारतेचा) करंट न्यूट्रलमध्ये रद्द होत नाही, उलट साठतो. वॉल जोडण्याआधी मीटर लावा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-फेज ४०० ते ४१५, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. प्रत्येक एसएमपीएस अर्थमध्ये किंचित करंट सोडतो, म्हणून ८४ कॅबिनेट एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (अर्थमध्ये करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टाकली तर तो काही दोष नसतानाही पडतो. त्यावर अर्थ तोडणं किंवा आरसीसीबी बायपास करणं हा इलाज नाही. ओल्या मैदानावर लोखंडी ट्रसला (वॉल ज्यावर टांगतात त्या सांगाड्याला) लहान पोरंही हात लावतात. दर दोन रांगांना एक आरसीसीबी द्या.

ट्रससाठी वजन धरा: कॅबिनेट आठ किलोचं असेल तर ६७२ किलो, त्यावर हँगिंग बार (कॅबिनेट टांगायचा आडवा बार) आणि केबल. वाऱ्याचाही हिशोब करा. ताशी ६० किलोमीटरचा वारा या २१ चौरस मीटरवर साडेतीनशे किलोहून जास्त जोर लावतो, त्यामुळे किती वाऱ्याला वॉल खाली घ्यायची ते आधी ठरवून मंडळाला सांगून ठेवा. बाजूंना फ्लेक्स वाढवला की हा जोर वाढतो, मागे गुंडाळला की उष्णता कोंडते. ओल्या मातीत बेसखाली फळ्या टाका. हँगिंग बार पाणसळीने सरळ करा. वर दोन मिलिमीटर चुकले तर खाली लॉक बसत नाहीत आणि फटी दिसतात.

डेटासाठी साठ हर्ट्झ (सेकंदाला साठ चित्रं), प्रत्येक रंगाला आठ बिट धरले तर कंट्रोलरचा (लॅपटॉपचं चित्र वॉलला पाठवणारं यंत्र) एक गिगाबिट पोर्ट सुमारे साडेसहा लाख पिक्सेल पेलतो. इथे चार-चार उभ्या रांगांचे तीन भाग करा. प्रत्येकी ४,५८,७५२ पिक्सेल, ऐसपैस. कंट्रोलर चित्राचे तुकडे करून पाठवतो, प्रत्येक कॅबिनेटमधलं रिसीव्हिंग कार्ड आपला तुकडा उचलतं आणि बाकीचं पुढच्या कॅबिनेटला देतं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये काढलेला केबलचा रस्ता आणि प्रत्यक्षातला रस्ता एकच हवा. चित्राचे तुकडे अदलाबदल झाले तर दोष इथेच असतो. एका जागेपासून पुढचं सगळं काळं पडलं तर तिथली केबल बघा. सहा पोर्टचा कंट्रोलर असेल तर तिन्ही भागांच्या डेटा केबलची शेवटची टोकं उरलेल्या पोर्टवर परत आणा. मध्ये केबल तुटली तरी चित्र दुसऱ्या बाजूने चालू राहतं. कंट्रोलर लॅपटॉपजवळ ठेवा आणि लांबचं अंतर नेटवर्क केबलने कापा, १०० मीटरच्या आत; लांब एचडीएमआय दगा देते. मध्ये साधा नेटवर्क स्विच घालू नका. सेटिंग झाल्यावर कार्डात सेव्ह करा, नाहीतर वीज गेली की सगळं पुसलं जातं.

शूटिंग असेल तर कॅमेरा आदल्या रात्रीच लावून बघा. मॉड्यूलच्या (कॅबिनेटमध्ये बसणारी एलईडीची पाटी) सगळ्या ओळी एकाच वेळी पेटत नाहीत, आळीपाळीने पेटतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्यात पट्टे येतात. ३८४० हर्ट्झ रिफ्रेशला (सेकंदाला इतक्या वेळा चित्र नव्याने पेटणं) ते बरेच कमी होतात, उरलेले कॅमेऱ्याचा शटर स्पीड बदलून जातात. दिवसा पूर्ण ब्राइटनेस लागतो, रात्री २० ते ३० टक्के पुरे.

पावसाळाभर पडून असलेली वॉल एकदम पूर्ण ब्राइटनेसला नेऊ नका. काही तास मंद चालवून आतला ओलावा घालवा, मग हळूहळू चढवा. शेवटच्या कॅबिनेटच्या रिकाम्या सॉकेटवर रबरी टोपी आहे ना, तेही बघा. नंतर लाल, हिरवा, निळा, पांढरा असे सपाट रंग टाका आणि लांबून बघा. एकाच मॉड्यूलचा रंग बिघडला असेल तर आधी मागची फ्लॅट केबल दाबून बसवा.

सुट्या सामानात दोन पूर्ण कॅबिनेट, आठ-दहा मॉड्यूल, चार एसएमपीएस, दोन रिसीव्हिंग कार्ड (वॉलची कॉन्फिग फाइल आधीच भरलेली), आणि वीज व डेटाच्या चार-चार जोडकेबल ठेवा. मॉड्यूल वॉलच्याच बॅचचे घ्या. दुसऱ्या बॅचचं मॉड्यूल उत्तम चालतं, पण पांढऱ्या चित्रात त्याचा चौकोन उठून दिसतो.