साहेब नसलेल्या कंपनीचा करारनामा

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या मालकांनी होलाक्रसी आणायचं ठरवलं, म्हणजे साहेबांची उतरंड काढून कामाचे अधिकार ठरलेल्या भूमिकांना (रोल) आणि त्यांच्या गटांना (सर्कल) द्यायचे. ६२ माणसं, दोन पाळ्या. करारनामा त्यांनी इंटरनेटवरून उतरवून, मराठी करून आणला होता. पहिलीच ओळ : ‘या कंपनीत कोणी कोणाचा वरिष्ठ नाही.’ वाचून झाल्यावर मागे बसलेले एक जुने टर्नर म्हणाले, “मॅडम, मग रजेच्या अर्जावर सही कोणाची?”

मी एचआर सल्लागार. तेव्हापासून असा कागद हातात आला की प्रत्येक कलमासमोर पेन्सिलने लिहिते : सही कोणाची? निम्मी कलमं तिथेच अडकतात.

पहिलं पथ्य, नेमणूकपत्राला हात लावू नका. होलाक्रसीत रोल महिन्या-महिन्याला बदलतात. पद, पगार, रुजू झाल्याची तारीख अशी बदलून चालत नाही. नेमणूकपत्र आता प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे, ते जसंच्या तसं राहू द्या आणि रोलसाठी वेगळा पुरवणी करार करा. त्यात हे वाक्य हवंच : ‘रोल मिळणे, बदलणे किंवा जाणे याचा मूळ पद, पगार व सेवाकाल यांवर परिणाम होणार नाही.’

या वाक्याची किंमत मी मोजली आहे. आधीच्या एका कंपनीत मी ‘सर्कल बहुमताने सदस्यास दूर करू शकेल’ असं लिहून दिलं होतं. माझ्या मनात होतं ‘रोलवरून दूर’. सर्कलने एका फिटरला सोमवारी दूर केलं आणि मंगळवारी गेटवर त्याचं कार्ड बंद. आरोपपत्र नाही, खात्यांतर्गत चौकशी नाही, काही नाही. प्रकरण समेटापर्यंत गेलं, त्याला मागच्या पगारासह परत घ्यावं लागलं. चूक सर्कलची नव्हती, माझ्या वाक्याची होती. नोकरीवरून काढण्याचा अधिकार सर्कलकडे देऊच नका. ती सही मालकाची, आणि तीही चौकशीनंतरच.

आता नोटीस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली. जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं, ते काम आता कलम ४० करतं : तिसऱ्या अनुसूचीतली सेवाशर्त बदलायची तर कामगारांना आधी नोटीस, आणि २१ दिवस थांबायचं. अनुसूची समोर ठेवून बसा. ग्रेड रद्द करताय? त्यात आहे. शिस्तीचे नवे नियम? आहेत. पाळ्यांची फिरवाफिरव, कामाचे तास, भत्ते, सगळं आहे. वर्षानुवर्षं चालत आलेली सवलत काढून घेणंसुद्धा आहे. त्या वर्कशॉपात दुसऱ्या पाळीला कंपनीचा टेम्पो भोसरी स्टँडपर्यंत सोडायचा. नव्या व्यवस्थेत ‘वाहतूक रोल’ कोणीच घेतला नाही आणि टेम्पो आपोआप बंद होणार होता. युनियन असेल तर तिच्याशी रीतसर समझोता करा. समझोत्यानुसार केलेल्या बदलाला ही नोटीस लागत नाही.

सगळ्यांना ‘लीड’ म्हटलं की कामगार कायदा सुटतो, असं काही मालकांना वाटतं. सुटत नाही. न्यायालय व्हिजिटिंग कार्ड बघत नाही, माणूस दिवसभर प्रत्यक्ष काय करतो ते बघतं. लेथवर उभा असलेला ‘सर्कल लीड’ कामगारच. तसंच ‘आपल्या वेळेचा मालक मी स्वतः’ असं लिहून त्याने सही केली, तरी दुप्पट दराचा ओव्हरटाइम बुडत नाही. कायद्याने दिलेला हक्क सहीने सोडता येत नाही. म्हणून मस्टर आणि ओव्हरटाइमचं रजिस्टर कोण लिहितो, हे करारात पदासकट येऊ द्या.

होलाक्रसीच्या मूळ घटनेत सत्ता हातात असलेला माणूस सही करून ती सत्ता प्रक्रियेकडे सोपवतो. इथे मालकाने खुशाल अधिकार सोपवावेत, जबाबदारी त्याच्याकडेच राहते. कारखान्याचा भोगवटादार, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेला माणूस, कायद्याला नावानिशी लागतो. २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती लागते, तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखेच. आणि २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे १० माणसांपासून अंतर्गत समिती लागते, जिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असावी लागते. ‘कोणी वरिष्ठ नाही’ लिहिलेल्या कंपनीत ती कुठून आणणार? पहिली ओळ खोडली ती याचमुळे. तिच्या जागी : ‘दैनंदिन कामाचे निर्णय रोलधारक घेतील. कायद्याने नेमलेली पदे सोबतच्या यादीप्रमाणे कायम राहतील.’ यादीत पाच नावं होती.

संमती घेताना कागद मराठीत द्या, मोठ्याने वाचा आणि आठवडाभर घरी नेऊ द्या. सही न करणाऱ्याचं काय होणार, हेही त्यातच लिहा : जुन्या पदावर, जुन्या पगारात काम चालू. आणि प्रयोग फसला तर परत कसं यायचं, त्याची मुदत टाका. आम्ही एक वर्ष टाकलं होतं.

सहा जणांनी सही केली नाही. टर्नरकाकांनी केली, पण रजेचा अर्ज नवा छापून आल्यावरच. त्यावर दोन रकाने होते : डावीकडे ‘माझं काम कोण बघणार’, तिथे सहकाऱ्याची सही, उजवीकडे ‘रजा मंजूर’, तिथे फॅक्टरी मॅनेजरची.