कादंबरीचे चित्रपट-हक्क कसे घ्यावेत: अमेरिकेतल्या नव्या निर्मात्यासाठी

अमेरिकेत स्टुडिओच्या बाहेर काम सुरू करणाऱ्या निर्मात्याकडे पैसा नसतो, नाव नसतं. गुंतवणूकदाराला दाखवण्यासारखं एकच असतं, ते म्हणजे एखाद्या गोष्टीवरचा हक्क. त्यामुळे तो कच्चा राहता कामा नये.

कादंबरी लगेच विकत घेऊ नका, ऑप्शन घ्या. म्हणजे ठरलेल्या मुदतीत ती विकत घेण्याचा अधिकार फक्त तुमचा. मुदत बहुधा 12 ते 18 महिन्यांची असते आणि रक्कम खरेदी किमतीच्या 10 टक्क्यांच्या आसपास. किंमत 60,000 डॉलर ठरली तर ऑप्शनचे साधारण 6,000. हे पैसे सहसा पुढे किमतीतून वजा होतात; मुदतवाढीचे मात्र बहुतेकदा होत नाहीत. मुदतवाढ करारातच लिहून घ्या. पटकथा तयार व्हायलाच वर्ष निघून जातं. शिवाय मुदतवाढीची नोटीस आणि पैसे शेवटच्या तारखेच्या आत पोचले नाहीत, तर हक्क लेखकाकडे परत जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘खरेदीची किंमत नंतर ठरवू’ असं लिहिणं. चित्रपटाला पैसे मिळाले की लेखक हवा तो आकडा सांगू शकतो, आणि अशा अर्धवट कराराच्या जोरावर न्यायालयात फारसं काही हाती लागत नाही. खरेदीचा पूर्ण करार ऑप्शनलाच जोडा, सह्याही त्याच दिवशी घ्या.

त्याआधी हक्क नक्की कोणाकडे आहेत ते तपासा. कॉपीराइट ऑफिसच्या नोंदी वकिलाकडून पाहून घ्या. लेखक दोन असतील तर दोघांच्या सह्या लागतात, लेखक हयात नसेल तर वारसांच्या. चित्रपटाचे हक्क आपल्याकडे नाहीत, असं प्रकाशकाकडूनही लेखी घ्या. तोंडी शब्दावर इथे कॉपीराइट हस्तांतरित होत नाही.

मग ऑप्शनचा छोटा, सही केलेला करार कॉपीराइट ऑफिसमध्ये नोंदवा. अमेरिकेत सही झाली असेल तर महिन्याच्या आत नोंदवावा. त्यानंतर तेच हक्क दुसऱ्या कोणाला विकले गेले तरी तुमचा दावा आधीचा ठरतो. मात्र मूळ कादंबरीचीही तिथे नोंद झालेली हवी.

पटकथालेखकाचा करार तो पहिलं पान लिहायला बसण्याआधीच करा. मित्र असला तरी. हे राहून गेलं, तर कादंबरी तुमची आणि पटकथा त्याची, अशी अवस्था होते. वितरक चित्रपट घेताना ‘एरर्स अँड ओमिशन्स’ विमा मागतो, म्हणजे कोणी हक्कभंगासारखा दावा लावला तर त्याचा खर्च उचलणारा विमा, बहुधा एका दाव्याला 10 लाख आणि एकूण 30 लाख डॉलरचा. विमा कंपनी हेच सगळे कागद ओळीने तपासते, आणि मधला एक जरी नसला तरी तयार चित्रपट अडकून पडतो.