गाडी उभी असताना किती खाते? रोजच्या गाडीचा खर्च मांडण्याची रीत

गाडीला महिन्याला किती लागतात, असं कुणालाही विचारा, उत्तर इंधनाचं येतं. फार तर हप्त्याचं. खिशातून दर महिन्याला जाताना दिसतात ते हे दोनच आकडे. बाकीचा खर्च कधी वर्षातून एकदा येतो, कधी तीन वर्षांनी, आणि एक खर्च तर गाडी विकायला काढेपर्यंत तोंडच दाखवत नाही. नेमका तोच बहुतेक वेळा सगळ्यांत मोठा निघतो.

एक साधं गणित करू. वर्षाला १२,००० किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर. म्हणजे गाडी वर्षात ४०० तास चालली. वर्षाचे एकूण तास ८,७६०. शंभर तासांतले जेमतेम साडेचार तास ती रस्त्यावर असते, बाकी वेळ उभी. इंधन त्या साडेचार तासांतच जळतं, पण विमा, व्याज, कर, जागेचं भाडं आणि उतरती किंमत यांना सुट्टी नसते. म्हणून वहीत पहिल्यापासून दोन रकाने आखायचे: उभ्या गाडीचा खर्च आणि चालत्या गाडीचा खर्च. मी बरीच वर्षं फक्त पंपावरच्या पावत्या जपत होतो आणि आपला हिशेब चोख आहे असं समजत होतो. अर्धी वही कोरीच होती.

आधी किलोमीटर पक्के करा

वर्षाला किती चालवता, हा आकडा अंदाजाने लिहू नका. तो बहुतेकांचा चुकतो. सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांवर ओडोमीटरचा, म्हणजे गाडी एकूण किती चालली त्याचा, आकडा असतो. कुठलीही दोन बिलं घ्या, आकड्यांतला फरक काढा आणि मधल्या महिन्यांवरून वर्षाचं प्रमाण बसवा. गाडी अजून घ्यायचीच असेल तर दोन आठवडे रोजच्या फेऱ्यांचं अंतर फोनच्या नकाशावर मोजून लिहून ठेवा. त्यात सुट्टीतला लांबचा प्रवास वेगळा मिळवा. वर्षातून दोनदा होणाऱ्या सहलीसाठी रोजची गाडी मोठी घेतली जाते, तो मोह या टप्प्यावरच कागदावर दिसतो.

घसारा: न दिसणारा मोठा खर्च

घेतलेली किंमत वजा आज येणारी किंमत म्हणजे घसारा. देशोदेशी आणि मॉडेलगणिक तो बदलतो, पण वळण सगळीकडे सारखं: सुरुवातीला उतार तीव्र, पुढे हळू. समजण्यासाठी नव्या गाडीची किंमत १०० धरा. पहिल्या वर्षी २० टक्के आणि त्यापुढे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के उतरते असं मानलं, तर वर्षाअखेरीचे आकडे असे येतात: ८०, ६८, ५८, ४९, ४२. पाच वर्षांत ५८ गेले. यासाठी कुणी बिल फाडलं नाही की खात्यातून रक्कम वळती झाली नाही.

तुमच्या गाडीचा खरा आकडा काढायला तेच मॉडेल, तेवढ्याच वयाचं आणि साधारण तेवढंच चाललेलं, सेकंडहँड बाजारात कितीला सांगतात ते आठ-दहा जाहिरातींत पाहा. सांगितलेली किंमत आणि सौदा होतो ती किंमत यांत फरक असतो, म्हणून थोडं कमीच धरा. जास्तीचे म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर, चकाकते अलॉय यांचे पैसे विकताना जवळपास परत येत नाहीत. हौस म्हणून घ्या, पण वहीत खर्च म्हणूनच लिहा.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी घेणाऱ्यासाठी सगळ्यांत तीव्र उतार आधीच्या मालकाने उतरून दिलेला असतो. त्याच्या बदल्यात दुरुस्तीची अनिश्चितता पदरात येते. कुठलं ओझं परवडतं हे ज्याचं त्याने ठरवायचं. मला स्वतःला दुसरं परवडतं.

हप्ता म्हणजे खर्च नव्हे

इथे भल्याभल्यांचा हिशेब फसतो. हप्त्याचे दोन तुकडे असतात, मुद्दल आणि व्याज. मुद्दल म्हणजे गाडीची किंमतच तुम्ही हळूहळू देताय, आणि ती किंमत आपण घसाऱ्यात मोजलेली आहे. हप्ता आणि घसारा दोन्ही लिहिले तर एकच खर्च दोनदा पडतो. वहीत फक्त व्याज लिहा.

१०० चं कर्ज, वार्षिक ९ टक्के, उरलेल्या रकमेवर व्याज, मुदत पाच वर्षं: महिन्याचा हप्ता सुमारे २.०८, एकूण परतफेड साधारण १२४.५. म्हणजे व्याज साडेचोवीस. मुदत सात वर्षं केली की हप्ता १.६१ वर येतो, हलका वाटतो, आणि व्याज ३५ वर जातं.

शोरूममध्ये ‘फक्त नऊ टक्के’ ऐकलं की एकच विचारायचं: फ्लॅट की रिड्यूसिंग? फ्लॅट दरात फेडून झालेल्या रकमेवरही व्याज चालूच राहतं, रिड्यूसिंगमध्ये फक्त उरलेल्या रकमेवर. वरच्याच १०० च्या कर्जावर फ्लॅट ९ टक्के म्हणजे पाच वर्षांचं व्याज सरळ ४५, हप्ता २.४२. उरलेल्या रकमेवरच्या दरात बदललं तर हा सुमारे पावणेसोळा टक्क्यांचा दर झाला. दोन्हींत फलकावरचा आकडा मात्र ९ च.

आता कर्ज आणि किंमत शेजारी ठेवा. पूर्ण रक्कम पाच वर्षांच्या कर्जावर घेतली तर वर्षाअखेरीस देणं ८३ आणि गाडी ८० ची. दुसऱ्या वर्षी देणं ६५, गाडी ६८ ची, म्हणजे गाडं रुळावर. सात वर्षांच्या कर्जात दोन वर्षांनी देणं साडेसत्त्याहत्तर आणि गाडी ६८ ची. चार वर्षं झाली तरी देणं किमतीपेक्षा थोडं वरच असतं. त्या काळात नोकरी गेली, गाव सोडावं लागलं, गाडी अपघातात निकामी झाली, तर गाडी देऊनही कर्ज उरतं. डाउन पेमेंट किती करावं याचं उत्तर हप्त्यात शोधू नका, या दोन आकड्यांत शोधा: कुठल्याही वर्षी देणं किमतीच्या वर जाणार नाही, इतकं.

रोख देऊन घेतली म्हणून हा रकाना रिकामा राहत नाही. तेच पैसे ठेवीत असते तर जे व्याज मिळालं असतं, ते इथे लिहायचं.

विमा, वार्षिक कर आणि उभं करायच्या जागेचं भाडं यांच्या पावत्या घरात असतातच. आकडे उतरवून पुढे सरका. विम्याबद्दल इतकंच, की छोट्या ओरखड्यासाठी दावा करण्याआधी दावा न केल्याची सवलत किती बुडेल ते विचारून घ्या. कधीकधी डेंट-पेंट खिशातून करणं स्वस्त पडतं.

इंधन: टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल

डॅशबोर्डवर दिसणारा अॅव्हरेज हा अंदाज असतो. खरा आकडा असा काढतात: टाकी फुल्ल करा, ओडोमीटर लिहा, नेहमीसारखी गाडी चालवा, पुन्हा त्याच पद्धतीने फुल्ल करा. दुसऱ्या वेळी जितकं लिटर बसलं, तितकं मधल्या अंतराला जळलं. एका भरण्यावर विसंबू नका, कारण नोझल कुठे थांबतं यावर लिटर-दीड लिटरचा फरक सहज पडतो. पाच-सहा भरण्यांची बेरीज घ्या. विजेच्या गाडीत भिंतीकडच्या मीटरवरची युनिटं लिहा. चार्ज होताना काही वीज वाया जाते, आणि बिल त्या विजेचंही येतं.

आता एक गंमत. ‘लिटरला किती किलोमीटर’ हे माप बोलायला सोपं, पण तुलनेला फसवं आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. लिटरला १० देणारी गाडी बदलून १२ ची घेतली तर १,२०० लिटरचे १,००० झाले, २०० लिटर वाचलं. २० ची बदलून ३० ची घेतली तर ६०० चे ४००, तेही २०० च. ऐकताना दुसरी उडी पाचपट मोठी वाटते, बचत मात्र एकसारखी. म्हणून वहीत ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असं लिहा. घरात दोन गाड्या असतील तर जास्त पिणारी आधी बदलावी की कमी पिणारी, हेही त्यातून लगेच कळतं.

चालवण्याच्या सवयींत सगळ्यांत महाग सवय वेगाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट, हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. छतावर रिकामं कॅरियर बारा महिने वागवणारे हा दंड विनाकारण भरत असतात. थंड इंजिनावर मारलेल्या किलोमीटर-दोन किलोमीटरच्या फेऱ्याही महागच, कारण इंजिन तापेपर्यंत इंधन जास्त जातं आणि तापलं तोवर घर आलेलं असतं. टायरमधली हवा महिन्याला तपासा, थंड टायरमध्ये. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. आणि पुस्तकात मागितलं नसेल तर जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरू नका. ऑक्टेन हे इंजिनातली ठोक, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारा खडखडाट, थांबवण्याचं माप आहे. त्याने इंधनात जादा ताकद येत नाही.

झीज: बिल येण्याआधीच लिहा

सर्व्हिसिंग ठरल्या वेळी येतं, त्याची सवय होते. धक्का देतात ते टायर, बॅटरी, क्लच. खरं तर त्यांचं आयुष्य ढोबळमानाने आधीच माहीत असतं, म्हणून तो खर्च आधीच वाटून टाकता येतो. टायरचा संच ४०,००० किलोमीटर जाईल असं धरलं तर संचाची किंमत भागिले ४०,०००, इतके पैसे प्रत्येक किलोमीटरला झिजले. नेहमीची बॅटरी तीन ते पाच वर्षं जाते. तिची किंमत चार वर्षांवर वाटा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि उतारावर ब्रेक दगा देऊ शकतो. म्हणून गाडी कमी चालली तरी बहुतेक पुस्तकं ते दोनेक वर्षांनी बदलायला सांगतात. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) असलेल्या इंजिनात बेल्टची मुदत तर पाळायचीच: अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि बेल्टच्या खर्चाचा इंजिनाचा खर्च होतो.

सेकंडहँड गाडी बघताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. खाचांत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि बऱ्याच देशांत ती कायद्याची शेवटची हद्द आहे. असे टायर दिसले तर नव्या संचाची किंमत सौद्यातून वजा करून मागा.

पार्किंग, टोल, धुणं आणि दंड यांच्यासाठी तीन महिने प्रामाणिकपणे नोंद करा आणि चारने गुणा.

बेरीज, आणि कुठल्या प्रश्नाला कुठला रकाना

दोन्ही रकान्यांची वर्षाची बेरीज करून किलोमीटरने भागा. वरच्या उदाहरणात घसारा ५८ आणि व्याज साडेचोवीस, म्हणजे इंधनाचा थेंबही न जळता पाच वर्षांत साडेब्याऐंशी गेले. विमा आणि कर त्यावर. (कमी चाललेल्या गाडीला विकताना थोडे जास्त मिळतील, पण फार नाही.) हा रकाना १२,००० किलोमीटरवर वाटला तर एक आकडा येतो, ४,००० वरच वाटला तर तोच आकडा तिप्पट होतो.

आज बसने जाऊ की गाडी काढू, हा प्रश्न असेल तर फक्त चालत्या गाडीचा रकाना बघा, कारण दुसरा खर्च दोन्हीकडे होणारच आहे. गाडी मुळात ठेवू का, दुसरी घेऊ का, हा प्रश्न असेल तर दोन्ही रकाने हवेत. आठवड्यातून एकदा निघणारी दुसरी गाडी या बेरजेपुढे क्वचितच टिकते. तेवढ्या पैशांत भाड्याची गाडी किती वेळा आणता येईल ते मोजून बघा.

राहिला जुन्या गाडीचा प्रश्न. पाच वर्षांची गाडी, किंमत उरली ४२, गॅरेजवाल्याने मोठं काम सांगितलंय. ‘एवढे घालण्यापेक्षा नवीनच घेऊ’ हे वाक्य अशा वेळी घरात हमखास उमटतं. ही जुनी गाडी सहाव्या वर्षी सुमारे सव्वासहा उतरेल. नवी पहिल्याच वर्षी २० उतरेल आणि कर्जाचं पहिल्या वर्षीचं व्याज सव्वाआठ, मिळून सव्वाअठ्ठावीस. फरक २२ चा. नव्या गाडीचा वाढीव विमा अजून धरलेलाच नाही. नवी गाडी इंधन कमी पीत असेल तर तेवढं त्यातून वजा करा. आता गॅरेजचं बिल या उरलेल्या आकड्याच्या शेजारी ठेवा. ते कमी असेल आणि पुढच्या वर्षी तसंच दुसरं येण्याची चिन्हं नसतील, तर दुरुस्ती करून टाका. सांगाडाच गंजला असेल किंवा एअरबॅग, स्टिअरिंग यांत दोष असून तो नीट दुरुस्त होणार नसेल, तर मात्र हे गणित मांडतच बसू नका, गाडी बदला.