कयाक पाण्यात घालण्याआधी वारा बघा
खिंडसीसारख्या मोठ्या तलावावर ग्रुपनं कयाकिंगला गेलात, तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवा. परतताना हात भरून आलेले असतात, तेव्हा वारा पाठीशी हवा. सगळ्यात सावकाश वल्हवणाऱ्याला पुढं ठेवा, म्हणजे कोणी मागं सुटत नाही. लाइफ जॅकेट खांद्यांना धरून वर ओढून पाहा. कानांपर्यंत सरकलं तर पट्टे आवळा. ‘मला पोहता येतं’ म्हणत जॅकेट टाळणारा एखादा असतोच, त्याला काठावर तर्री-पोह्यांच्या राखणीला बसवावं! भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांत शिंगाड्याचे वेल आणि ढिवरांची (मासेमारांची) जाळी असतात. तिथून लांबूनच जा. वल्हं अडकून कयाक कलंडू शकते, आणि जाळं फाटलं तर कोणाची तरी मिळकत बुडते.