हनुवटीवर लेझर करण्याआधी आणि नंतर

माझ्या डाव्या जबड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग पडला होता. तो फिका व्हायला आठ महिने लागले. एप्रिल महिना होता. साताऱ्यात रोज दुपारी शाळा सुटली की मी स्कूटीवरून घरी यायचे, आणि त्याच आठवड्यात एका पार्लरमध्ये हनुवटीचे केस काढायला लेझर करून घेतलं. उन्हात जाता का, एवढंही तिथे कुणी विचारलं नाही.

लेझर केसातला काळा रंग पकडतो आणि तापून मूळ जाळतो. तोच रंग आपल्या सावळ्या कातडीतही असतो, आणि ऊन लागून रापल्यावर तो आणखी वाढतो. मग केसाऐवजी कातडीच भाजते. म्हणून आधीचे निदान तीन-चार आठवडे ऊन टाळा. मी तर सांगेन, उन्हाळ्यात सुरुवातच करू नका.

दुसऱ्या वेळी मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पाळी, पीसीओएस (हार्मोन बिघडून चेहऱ्यावर केस येऊ शकतात तो त्रास), चालू गोळ्या, ओठावर येणारे जर (तापाचे फोड) आणि गोरेपणाची क्रीम, सगळं विचारून घेतलं. कानाजवळ छोटा पॅच, म्हणजे थोड्याशा जागेवर चाचणी करून काही दिवस थांबायला लावलं. लेझर एनडी-याग प्रकारचा, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, सावळ्या त्वचेला त्यातल्या त्यात सुरक्षित. मशीन कोणतं, हे तुम्हीही बेधडक विचारा.

सगळ्यांत जड जातं ते थ्रेडिंग बंद ठेवणं. चार आठवडे दोरा, वॅक्स, चिमटा काही नाही, कारण केस मुळासकट उपटला तर लेझरला पकडायला काही उरतच नाही. तोवर रेझर चालतो. त्याने केस राठ होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं, ते हाताला तसं लागतं. आदल्या दिवशीही रेझरच फिरवायचा. ब्लीच नको. रेटिनॉल, ग्लायकोलिकची क्रीम किती दिवस आधी थांबवायची, ते डॉक्टरांना विचारा. मला आठवडा सांगितला होता. लग्न ठरलंय म्हणून महिन्याभरात उरकू, असं होत नाही. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग लागतात. पीसीओएस असेल तर पुढेही अधूनमधून जावं लागतं. पांढऱ्या केसांवर तर लेझर चालतच नाही.

घरी आल्यावर लाली आणि केसांच्या मुळाशी बारीक पुरळ दिसेल. दिवस-दोन दिवसांत ओसरतं. बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं धरा. दोन दिवस गरम पाणी, वाफ, जिम नको. आई हळद-साय घेऊन आली होती, मी तिला हात जोडले. हळद, लिंबू, बेसन, काहीही लावू नका. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावा, वर ओढणी घ्या. फोड आला तर फोडू नका, खपली काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मी चार दिवस वाट पाहिली होती.

आठ-दहा दिवसांनी केस पुन्हा वर येताना दिसतात आणि हात चिमट्याकडे जातो. ते वाढत नसतात, गळायला निघालेले असतात. तोंड पुसताना टॉवेलला लागून येतील.